रतनवाडीत तीन दिवस: आईला देऊळ, लेकाला गड आणि मला दोन्ही

ठाणेकरीण | ३ सप्टेंबर, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसती वाचतेय, पहिलाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तीन दिवस मोकळे मिळालेत. आई (वय ६८, गुडघे कुरकुरतात पण उमेद दांडगी), माझा मुलगा (११) आणि मी असं तिघांनी भंडारदऱ्याच्या पाठीमागे रतनवाडीला जायचं ठरवलंय. आईने चाळीस वर्षांपूर्वी बाबांबरोबर तिथलं अमृतेश्वराचं देऊळ पाहिलं होतं. धरणाकाठच्या शेंडी गावातून होडीत बसून पाण्यातून गेलो होतो, असं ती अजून सांगते. बाबा गेल्यापासून "एकदा ते देऊळ पुन्हा बघायचंय" हे तिच्या तोंडी कायम असतं. लेकाला रतनगडाचं नेढं (माथ्यावरच्या कातळातलं आरपार भोक) चढायचंय.

माहिती शोधायला गेले तर सगळीकडे तीच यादी. पहिल्या दिवशी कळसूबाई, दुसऱ्या दिवशी सांदण दरी, तिसऱ्या दिवशी रतनगड, मधे रंधा धबधबा आणि घाटघरचा कोकणकडा. वाचूनच दम लागला. आईला घेऊन हे जमणार नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही असं पळत बघायचं नाहीये.

तर विचारायचं आहे ते असं: राहायचं शेंडीत की रतनवाडीतच? अकरा वर्षांच्या मुलाला रतनगड झेपेल का? आणि आम्ही दोघं गडावर असताना आईचा दिवस चांगला जाईल असं गावात काय आहे?

---

घाटवाटसरू | ३ सप्टेंबर, रात्री १०:१५

राहायचं रतनवाडीतच. शेंडीला हॉटेलं आहेत, सोय आहे, पण तिथे राहिलात तर रोज धरणाच्या कडेने जा-ये करण्यात वेळ जाईल आणि गाव बघायचं राहून जाईल. रतनवाडीत घरगुती राहण्याची सोय होते. जमिनीवर गाद्या, गरम पाण्याची बादली, चुलीवरचं जेवण. आईंसाठी खाट आणि कमोड आहे का एवढं मात्र फोनवर आधीच विचारून घ्या, तिथे पोचल्यावर नको.

आता रतनगड. मुलगा रोज खेळणारा, धावणारा असेल तर नक्की झेपेल. गावातून निघालं की वाट प्रवरेच्या काठाने जाते आणि नदी दोन-चारदा ओलांडावी लागते. पुढे दाट जंगल. तिथे वाट फुटते: एक कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे जाते, दुसरी रतनगडाला. बरेच जण इथेच चुकतात, म्हणून गावातला वाटाड्या घ्याच. जंगल संपलं की कातळ लागतो आणि लोखंडी शिड्या. शिड्यांवर मुलाच्या मागे तुम्ही, पुढे वाटाड्या असं जा. वर गणेश दरवाजा, मग हनुमान दरवाजा. जवळच गुहा आहेत, त्यातल्या एकीत रत्नादेवी. गडाला आणखी दोन दरवाजे आहेत, कोकण आणि त्र्यंबक.

नेढं गडाच्या माथ्यावर आहे. उंच कातळाला आरपार पडलेलं भोक. आत बसलं की वारा अंगावरून असा जातो की टोपी हातात धरावी लागते. एका बाजूला भंडारदऱ्याचं पाणी, कळसूबाई, अलंग-मदन-कुलंग. दुसरीकडे आजोबाचा डोंगर आणि खाली कोकण. सप्टेंबरअखेर माथ्यावर सोनकीचा पिवळा आणि तेरड्याचा गुलाबी गालिचा असतो. माझ्या मते वर्षातला गडावर जायचा सगळ्यात सुंदर काळ हाच.

सकाळी सहाला निघा. चढायला साडेतीन तास धरा, तुम्ही घाई करणार नाही म्हणून. माकडं फार आहेत, हातात खाऊची पिशवी उघडी धरायची नाही.

---

पाऊलखुणा | ३ सप्टेंबर, रात्री १०:५०

कळसूबाई यादीतून काढताय ते बरोबर. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, म्हणून सगळे "करून टाकू" म्हणतात. पण पायथ्याच्या बारी गावातून चढून उतरायला अख्खा दिवस जातो. शिवाय सप्टेंबरअखेर म्हणजे नवरात्र जवळ आलेलं असतं, त्या नऊ दिवसांत शिखरावरच्या देवीला भाविकांची रीघ लागते.

कळसूबाईची गोष्ट मात्र लेकाला सांगा. कळसू नावाची कोळ्यांची मुलगी पाटलाच्या घरी कामाला राहिली. अट एकच, भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. एकदा घरात पाहुणे आले, तिला भांडी घासायला लावली. तिने काम केलं आणि निघून डोंगरावर गेली, ती परत आलीच नाही. तिने भांडी घासली ती जागा थाळेमेळ म्हणून दाखवतात. माझ्या मुलीला ही गोष्ट इतकी आवडली की शिखर दिसलं की ती अजून "कळसूताई" म्हणते.

---

मूळगाव_अकोले | ४ सप्टेंबर, सकाळी ७:३०

ताई, मी अकोले तालुक्यातलाच. नोकरी पुण्यात, पण जीव सगळा तिकडे. तुमचा तिसरा प्रश्न वाचला आणि फार बरं वाटलं, कारण आमच्याकडे येणारी माणसं "किती वेळात होतं?" एवढंच विचारतात. गावात दिवस कसा जाईल हे कोणी विचारत नाही.

आईंचा दिवस कसा जाईल ते सांगतो. सप्टेंबरअखेर भात निसवलेला, म्हणजे लोंब्या बाहेर पडलेला असतो. खाचरं काठोकाठ हिरवी, आणि सकाळी त्यावर धुकं. बायका बांधावर गवत कापायला जातात. कोणाच्या तरी ओट्यावर बसा, चहा येईलच. आमच्याकडे अजूनही काही घरं कुडाची आहेत. कारवीच्या काड्या उभ्या बांधायच्या, वरून शेणमातीने लिंपायच्या. आत कणगीत धान्य. भिंतीला हात लावून बघा, पावसाळ्यातही आत ऊब असते.

जेवायला नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी, हुलग्याचं कालवण. आम्ही नाचणीला नागलीच म्हणतो आणि कारळ्याला खुरासणी. यजमानांना आधी सांगा की आम्हाला तुम्ही रोज खाता तेच हवंय. नाहीतर बिचारे तुमच्यासाठी पनीर आणायला राजूरला धावतील. शहरातली माणसं आपलं जेवण खाणार नाहीत असं त्यांना मनापासून वाटतं.

आणि गुरं बघा. ती डांगी आहेत. पांढऱ्या अंगावर काळे नाहीतर तांबडे ठिपके. कातडी तेलकट, त्यामुळे पावसाचं पाणी अंगावर टिकत नाही, खूर काळे आणि कणखर. आमच्या पावसात, चिखलात दुसरी जनावरं आजारी पडतात, ही तग धरतात. राजूरला दरवर्षी डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. वारसा म्हणून लोक दगडांचे फोटो काढतात, मला वाटतं त्यांनी आमच्या बैलाच्या पाठीवरूनही एकदा हात फिरवावा.

बाकी सोयीचं: पैसे रोख आणा, गावात फोनला रेंज जेमतेम असते. आईंची औषधं चार दिवस जास्तीची घ्या. गरज पडलीच तर राजूरला ग्रामीण रुग्णालय आहे.

---

शिल्पवेडा | ४ सप्टेंबर, दुपारी १:०५

देवळाबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून थोडं विस्ताराने लिहितो.

तिथला पहिला माणूस तुम्हाला सांगेल, "हे हेमाडपंती देऊळ." आपल्याकडे चुन्याशिवाय रचलेलं प्रत्येक दगडी देऊळ हेमाडपंती ठरतं. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री, काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. अमृतेश्वर त्याच्या आधीचं मानलं जातं. परंपरा ते शिलाहार राजा झंझ याच्याकडे नेते. नद्यांच्या उगमांपाशी त्याने बारा शिवालयं बांधली, त्यांपैकी हे प्रवरेचं, असं सांगतात. परंपरेचा भाग परंपरा म्हणून ऐका. शिखराची घडण मात्र डोळ्यांनी पडताळता येते.

ही शैली भूमिज. कशी ओळखायची? शिखराच्या चारही अंगांना मधोमध खालपासून वरपर्यंत एक कोरीव पट्टा चढत जातो, त्याला लता म्हणतात. दोन लतांच्या मधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी एकावर एक रचलेल्या असतात, वर जाताना आकार लहान होत जातो. लांबून बघितलं तर मण्यांच्या माळा उभ्या लावल्यासारख्या दिसतात. महाराष्ट्रात अशी मोजकीच देवळं आहेत, सिन्नरचं गोंदेश्वर त्यातलंच.

आणि तुम्ही ठाण्याच्या! मग जायच्या आधी एका रविवारी आई आणि मुलाला घेऊन अंबरनाथचं शिवमंदिर बघून या. तेही भूमिजच, तेही शिलाहारांचं, आणि त्यावरच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० हे साल आहे. फक्त अंबरनाथचं शिखर वरून ढासळलं आहे. ते मनात ठेवून रतनवाडीला जा. तिथलं शिखर शाबूत आहे. अंबरनाथला वर काय असेल, याचं उत्तर तुम्हाला सह्याद्रीच्या कुशीत सापडेल. मी असाच गेलो होतो आणि आवारात शिरल्यावर अर्धा तास नुसता मान वर करून उभा होतो.

पुष्करणी चुकवू नका. देवळापासून थोडी बाजूला आहे म्हणून निम्मे लोक तिकडे जातच नाहीत. चौकोनी कुंड, उतरायला पायऱ्या, भिंतींमध्ये कोनाडे आणि कोनाड्यांत विष्णूच्या मूर्ती. शिवाच्या देवळापाशी विष्णूचं पाणी. आईंना खालपर्यंत उतरायची गरज नाही, वरच्या पायरीवर बसूनही कोनाडे दिसतात. सकाळी आठ-नऊला जा, तिरक्या उन्हात कोरीवकाम उठून दिसतं. आत गाभाऱ्यात पावसाळ्यात पाणी साठतं, त्यामुळे पायरी जपून.

वास्तू केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तरी लोक शिल्पांवर पाय देऊन फोटो काढतात. मुलाला आधीच सांगून ठेवा. ही पोरं एकदा समजलं की मोठ्यांनाही टोकतात.

---

रिकामी_वाट | ४ सप्टेंबर, दुपारी ३:२०

छान धागा. वाखू (वाचनखूण) साठवली.

---

चल_मेरे_भाई | ४ सप्टेंबर, संध्याकाळी ६:४५

सप्टेंबरमध्ये काजवे दिसतील का? आणि सांदण दरी इतकी जवळ असताना का सोडायची? आमचा ग्रुप पण त्याच आठवड्यात जायचं म्हणतोय.

---

घाटवाटसरू | ४ सप्टेंबर, रात्री ८:०५

सांदण सप्टेंबरमध्ये अजिबात नको. हे जरा ठासून लिहितो.

सांदण ही साम्रद गावाजवळची कातळात चिरलेली अरुंद घळ. दोन्ही बाजूंना दोनशे-तीनशे फूट उभ्या भिंती, काही ठिकाणी हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकतील एवढीच रुंदी. खाली उतरत उतरत थेट कोकणाच्या बाजूला जाते. आता विचार करा, पठारावर पाऊस पडला तर ते सगळं पाणी कुठून जाणार? त्याच चिरेतून. तुमच्या डोक्यावर ऊन असेल आणि मैलभर मागे सर आली असेल, तरी पाणी येतं. बाजूला व्हायला जागा नाही. परतीचा पाऊस ऑक्टोबरपर्यंत केव्हाही येतो. डिसेंबर ते मे या काळात जा, गावातला माणूस आणि दोर बरोबर घ्या.

मी स्वतः एकदा एका व्यावसायिक गटाबरोबर रतनगडावर गेलो होतो. माणसं सत्तर, वाटाडे दोन. बस उशिरा पोचली तरी कार्यक्रम कापायचा नाही म्हणून दुपारी चढायला लावलं. शिड्यांवर रांग लागली, उतरताना अंधार झाला. माझ्या पुढची मुलगी शिडीच्या मधल्या कांबीवर पाय सापडेना म्हणून रडायला लागली आणि मागची माणसं "चला चला" ओरडत होती. तिचा पाय हाताने धरून एकेका कांबीवर ठेवत आम्ही तिला उतरवलं. गावात पोचलो तेव्हा रात्रीचे दहा. तेव्हापासून ठरवलं, डोंगरात आपण ठरवलेल्या वेळापत्रकाला काही किंमत नाही. उशीर झाला तर गड सोडून द्यायचा, देवळात बसायचं.

---

मूळगाव_अकोले | ४ सप्टेंबर, रात्री १०:३०

काजव्यांचं मी सांगतो. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, पहिले वळीव पडून गेले की काजवे येतात. मोठा पाऊस सुरू झाला की संपलं. सप्टेंबरमध्ये तो नजारा नसतो.

हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर हजारोंनी बसतात आणि अख्खं झाड एका तालात विझतं-पेटतं. लहानपणी आम्ही ओट्यावरून बघायचो. आता त्या दिवसांत शनिवारी रात्री रस्त्यावर गाड्यांची रांग असते. हेडलाइट, मोबाइलचे टॉर्च, गाणी. काजव्याचा उजेड म्हणजे त्याची जोडीदाराला हाक. नर चमकत फिरतात, माद्या बहुतेक खाली गवतात, झुडपात असतात. माणसं झाडाजवळ जाऊन फोटो काढतात तेव्हा पायाखाली काय जातंय ते त्यांना कळत नाही. आणि आपला उजेड इतका प्रखर की त्यांची हाक एकमेकांना दिसतच नाही. यांच्या अळ्या ओल्या मातीत राहतात, गोगलगाई खातात. म्हणजे माती तुडवली की पुढच्या सालचे काजवेही गेले.

माझं म्हणणं "येऊ नका" असं नाही. आमच्या घरांना त्या पंधरा दिवसांत चार पैसे मिळतात, ते मला ठाऊक आहे. पण मधल्या वारी या, गावात मुक्काम करा, गाडी लावून चालत या, उजेड बंद ठेवा. दहा मिनिटं अंधारात डोळे स्थिरावू द्या. त्यानंतर जे दिसतं ते कुठल्याच फोटोत येत नाही. हा सगळा भाग १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेवढं तरी लक्षात ठेवा.

---

चल_मेरे_भाई | ४ सप्टेंबर, रात्री ११:१०

पटलं. सांदण जानेवारीत करू. मागच्या वर्षी आम्ही काजवे बघताना टॉर्च मारले होते, कोणी सांगितलं नव्हतं. पुढच्या वेळी नाही करणार.

---

बीजांकुर | ५ सप्टेंबर, सकाळी ९:००

ठाणेकरीण, आईंना शेतीची, बी-बियाण्यांची आवड असेल तर याच तालुक्यात कोंभाळणे गाव आहे. बीजमाता राहीबाई पोपेरे यांचं. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेत न गेलेल्या या बाईंनी गावरान वालाची, भाताची, भाज्यांची वाणं जपली, बियाणं बँक उभी केली. रतनवाडीहून वाट वाकडी करावी लागेल, त्यामुळे तीन दिवसांत जमेल असं नाही, पण माहीत असू द्या. या भागात भाताची कितीतरी जुनी वाणं होती. काळभात, जिरवेल ही नावं वयस्कर बायकांना विचारा, त्यांचे चेहरे उजळतात.

राघोजी भांगरे यांचं देवगावही याच तालुक्यातलं. इंग्रजांविरुद्ध आणि सावकारांविरुद्ध महादेव कोळ्यांना उभं करणारा माणूस, २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेला. तुम्ही ठाण्याच्या, म्हणून मुद्दाम सांगितलं.

---

ठाणेकरीण | ५ सप्टेंबर, रात्री ९:२०

काय बोलू! एवढं मनापासून कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. आईला सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. राघोजींचं वाचल्यावर लेक म्हणाला, "म्हणजे आपल्याच गावात?" आता आधी अंबरनाथ, मग रतनवाडी.

ठरलं असं: तीन रात्री गावात. एक दिवस देऊळ आणि पुष्करणी, एक दिवस गड. बाकी काही नाही. शेवटचा प्रश्न, ठाण्याहून कसं जावं? गाडी आहे, पण घाटात चालवायची मला सवय नाही.

---

घाटवाटसरू | ५ सप्टेंबर, रात्री १०:००

कसारा घाट, इगतपुरी, घोटी, तिथून उजवीकडे वळून बारी, मग शेंडी. शेंडीहून मुतखेल, कोलटेंभे करत रतनवाडी. चालवायची सवय नसेल तर लोकलने कसाऱ्याला या आणि तिथून जीप ठरवा. परतताना चालक तयार असेल तर पलीकडच्या बाजूने या: साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत, शेंडी. जलाशयाला पूर्ण प्रदक्षिणा होते. आईंना गाडीतून न उतरता अर्धा सह्याद्री दिसेल.

घाटघरला लेकाला एक गोष्ट दाखवा. तिथे २५० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. वरच्या धरणातलं पाणी खाली सोडून वीज करतात आणि विजेची मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवतात. अकरा वर्षांच्या मुलाला हे कळलं की तो शाळेत जाऊन शिकवेल.

---

जुनी_वही | ६ सप्टेंबर, दुपारी १२:१५

भंडारदरा धरणही बघाच. १९१० ला काम सुरू होऊन १९२६ ला पूर्ण झालं, सगळं दगडी बांधकाम. विल्सन डॅम हे त्याचं जुनं नाव. आणि आईंना सांगा, देवळापाशी जी प्रवरा दिसेल, तीच पुढे अकोले, संगमनेर करत नेवाशाला जाते. माउलींचं नेवासं. अमृतवाहिनी म्हणतात तिला. माझी आजी वारकरी होती, रतनवाडीला प्रवरेत हात बुडवून म्हणाली, "इथून निघालेलं पाणी माउलींनी प्यायलंय." मला ते वाक्य कधीच विसरता आलं नाही.

---

ठाणेकरीण | ७ ऑक्टोबर, रात्री ८:३०

परत आलो. उशिरा लिहितेय, पण सविस्तर.

अंबरनाथ आधी बघितलं हे फार बरं झालं. रतनवाडीत जीपमधून उतरताच लेक ओरडला, "आजी, शिखर पूर्ण आहे!" आई काहीच बोलली नाही. चप्पल काढून सरळ आत गेली. बाबांनी तिला तेव्हा एका खांबापाशी उभं करून फोटो काढला होता, कृष्णधवल, कोपरा फाटलेला. तो तिने पदराखालून पर्समधून काढला. आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं की ती घेऊन आलीय. खांब शोधायला वेळ लागला, फोटोत दिसणाऱ्या कोरीव पट्टीवरून सापडला. तिथेच ती पुन्हा उभी राहिली. फोटो लेकाने काढला.

दुसऱ्या दिवशी पुष्करणी. शिल्पवेडा, तुम्ही म्हणालात तसं सकाळी साडेआठला गेलो. ऊन भिंतीवर तिरकं पडलं होतं, कोनाडे अर्धे उजेडात, अर्धे सावलीत. पाणी इतकं स्थिर की कोनाड्यातल्या मूर्ती खाली उलट्या दिसत होत्या. आई वरच्या पायरीवर तासभर बसली. एक बेडूक पाण्यात उडी मारायचा, मूर्ती हलायच्या, मग पुन्हा जागेवर यायच्या. लेक तेवढंच बघत बसला होता आणि मी त्याला एकदाही "चल" म्हटलं नाही.

तिसऱ्या दिवशी गड. सहाला निघालो. रात्री पाऊस झाला होता, नदीला पहिल्या ओलांडणीपाशी गुडघाभर पाणी. वाटाड्या दादा थांबले, काठीने तळ चाचपला, म्हणाले, "आता जाऊ. पण दुपारी ढग धरले तर नेढ्याला न जाता मागं फिरू, चालेल ना?" त्यांनी आधीच विचारलं हे मला फार आवडलं. शिड्यांवर लेक न घाबरता चढला, घाबरले ती मी. माथ्यावर सोनकी! घाटवाटसरू, तुम्ही लिहिलं होतं तरी मी तयार नव्हते. पिवळा रंग पार कड्यापर्यंत गेलेला आणि मधे मधे तेरडा. नेढ्याच्या खालपर्यंत पोचलो तेव्हा अलंगच्या बाजूने ढग यायला लागले. दादांनी आकाश बघितलं, आम्ही एकमेकांकडे बघितलं. लेक म्हणाला, "पाच मिनिटं?" दादा म्हणाले, "पाच." तो नेढ्यात जाऊन बसला, मी खालून बघितलं, वाऱ्याने त्याचा शर्ट फुग्यासारखा फुगला होता. पाच मिनिटांनी उतरलो. कोकणाकडचं काहीच दिसलं नाही, सगळं पांढरं. नदीपाशी पोचेपर्यंत पाऊस सुरू झाला.

आता आईचा दिवस. ती आमच्या यजमान मावशींच्या सासूबाईंबरोबर बांधावर गेली होती. दोघी एका वयाच्या. बीजांकुर, तुमची नावं आईने पाठ करून नेली होती. काळभात म्हटल्यावर आजी उठल्या, आत गेल्या आणि मडक्यातून मूठभर दाणे घेऊन आल्या. दाण्याचं टोक काळपट, कुसळ लांब. एवढंच उरलंय, दरवर्षी एका कोपऱ्यात लावते, असं म्हणाल्या. राब (रोपांसाठीची जमीन) कसा भाजायचा, आवणीच्या म्हणजे भातलावणीच्या वेळी कुठली गाणी म्हणायची, पूर्वी इरलं (पावसापासूनचं पानांचं आच्छादन) डोक्यावर घेऊन दिवसभर वाकून काम करताना पाठ कशी भरून यायची, हे सगळं आईने ऐकलं आणि संध्याकाळी आम्हाला सांगितलं. आम्ही गड सांगत होतो, ती शेत सांगत होती, दोन्ही बाजूंनी बोलणं संपेना. रात्री नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी. लेकाने चार भाकऱ्या खाल्ल्या.

हो, आणि डांगी बैल. मूळगाव_अकोले, हात फिरवला. खरंच हाताला तेलकट लागतं. पाऊस त्याच्या पाठीवरून थेंब थेंब ओघळत होता आणि तो आपला रवंथ करत उभा.

एक रुखरुख. देवळाच्या आवाराबाहेर प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि कुरकुऱ्यांची पाकिटं पडली होती. लेकाने आणि गावातल्या तीन मुलांनी मिळून एक पोतं भरलं. पण पोतं टाकायचं कुठे, हे कोणालाच सांगता येईना. शेवटी जीपवर बांधून घरी आणलं.

---

शिल्पवेडा | ७ ऑक्टोबर, रात्री ९:१०

तो खांबाचा प्रसंग वाचून डोळे भरून आले. जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी फ्रेम करा.

---

बीजांकुर | ७ ऑक्टोबर, रात्री ९:४०

आजींकडे काळभात अजून आहे हे वाचून उडीच मारली. मूळगाव_अकोले, त्यांच्याकडचं मूठभर बियाणं आणखी दोन घरांत लावता येईल का? एकाच कोपऱ्यात राहिलं तर एका वाईट सालात जाईल.

---

मूळगाव_अकोले | ८ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

दिवाळीत गावी जातोय तेव्हा विचारतो. कापणीनंतर देतील, नाही म्हणणार नाहीत.

ताई, पोत्याचं वाचून वाईट वाटलं आणि मुलाचं कौतुकही. ग्रामपंचायतीत हा विषय काढायला सांगतो. आणि काल तुमच्या यजमान मावशींशी फोनवर बोललो. आजी विचारत होत्या, "त्या ठाण्याच्या बाईंचे गुडघे कसे आहेत? आवणीला येते म्हणाल्या होत्या."

---

ठाणेकरीण | ८ ऑक्टोबर, दुपारी २:०५

आईला आत्ताच वाचून दाखवलं. ती म्हणतेय, जुलैची तारीख विचार.